ताप, बीपी, शुगर, थायरॉइड, पित्त: नेहमीच्या आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात समोरच्या खुर्चीवर बसणारा माणूस बहुतेक वेळा आजाराचं नाव घेऊनच आत येतो. ‘पित्त झालंय’, ‘व्हायरल आहे’, ‘बीपी लो झालंय’. मला त्या नावापेक्षा मागची हकिकत हवी असते: कधीपासून, कशानं वाढतं, कशानं थांबतं, रात्री जाग येते का. पुढचे प्रश्न वर्षानुवर्षं जसे विचारले गेले तसेच ठेवलेत. उत्तरांत ‘किती दिवस?’ हा माझा उलट प्रश्न सारखा येईल. ती सवय आहे आणि ती मोडायचा विचार नाही. माहिती प्रौढांसाठी आहे. मुलांचं वेगळं असेल तिथं तसं लिहिलंय. गरोदरपणात यातले पुष्कळ आकडे आणि औषधं बदलतात, तेव्हा गरोदर बायकांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

किती भरला की त्याला ताप म्हणायचं?

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त. ९८.६ हा आकडा आपल्या डोक्यात बसवला एकोणिसाव्या शतकातल्या कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी. पण तो सरासरीचा आकडा आहे. निरोगी माणसाचंही अंग पहाटे सगळ्यात थंड आणि संध्याकाळी अर्ध्या-एक अंशानं गरम असतं. संध्याकाळी एकदा ९९.२ भरलं म्हणून ‘अंगात ताप मुरलाय’ असं ठरवू नका. मात्र रोज संध्याकाळी कणकण, रात्री घामानं कपडे भिजणं आणि वजन उतरणं असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

ताप चढताना हुडहुडी का भरते, हेही लोक विचारतात. मेंदू शरीराचं तापमान वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतो आणि तिथवर पोचायला शरीर स्नायू थरथरवून उष्णता तयार करतं. अशा वेळी बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या तर माणूस आणखी कुडकुडतो. हलके कपडे, भरपूर पाणी आणि फार अस्वस्थ वाटत असेल तर पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ भरलं तर मात्र रात्र असो की पहाट, लगेच डॉक्टर गाठायचा.

पॅरासिटामॉल किती घेतली तर चालते?

धडधाकट प्रौढाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, आणि २४ तासांत एकूण ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान, फार कमी वजन असेल तर मर्यादा खाली येते.

खरी गंमत पुढे आहे. एक बाई तापानं हैराण होऊन आल्या, येताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या रुमालात बांधून. टेबलावर तीन पाकिटं मांडली: एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. तिन्हींच्या मागचा बारीक मजकूर आम्ही दोघांनी मिळून वाचला. तिन्हींत पॅरासिटामॉल. प्रत्येकी दिवसातून तीनदा धरलं तर हिशेब साडेचार ग्रॅमवर जात होता. बाईंची काहीच चूक नव्हती. पुढच्या बाजूला कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि औषधाचं नाव मागे, मुंगीच्या पावलांएवढं. पाकीट उलटं करून वाचायची सवय लावून घ्या.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देणं हा अंदाज झाला. आणि तापातल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यानं क्वचित मेंदू आणि यकृत यांना गंभीर इजा होते.

ताप उतरला म्हणजे सुटलो ना?

बहुतेक वेळा हो. डेंग्यूत मात्र धोक्याचे दिवस ताप उतरतानाच सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपायला लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. ताप गेला पण पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, माणूस गळून गेलाय किंवा चिडचिडा झालाय, लघवी कमी झालीय, यातलं एक जरी असलं तरी दवाखान्यात नव्हे, थेट रुग्णालयात जा. सगळे फक्त प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. त्यापेक्षा लघवी किती होतेय याकडे घरच्यांनी लक्ष दिलं तर जास्त उपयोग होतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको.

कफ हिरवा-पिवळा झालाय. आता तरी अँटिबायोटिक लागेल ना?

रंगावरून ठरत नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कफ पिवळा, हिरवा होतो; तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. ‘मागच्या वेळी दोन दिवसांत गुण आला होता’ असं सांगणाऱ्यांना मी विचारतो, सुरू कधी केलं होतं? उत्तर असतं, पाचव्या दिवशी. सर्दी सातव्या दिवशी उतारावर येतेच, गोळी घ्या अथवा न घ्या.

नाक मोकळं झालं तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दोन आठवडे उलटले की एकदा दाखवा. बहुधा काही निघत नाही, पण क्षयरोग, दमा, आम्लपित्त आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा चार गोष्टी तिथं लपलेल्या असू शकतात. धाप लागत असेल, श्वास घेताना छातीत टोचत असेल, कफात रक्त असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही.

जुलाब लागलेत. बंद करायची गोळी देता का?

आधी पाणी. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्यातल्या पेशी साखर आणि मीठ जोडीनं आत ओढून घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. नुसतं पाणी किंवा नुसतं गोड सरबत पिऊन तेवढं साधत नाही. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं.

ओआरएसची तयार पुडी मिळाली तर उत्तम; तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी विरघळवा. अर्धी आज, अर्धी उद्या, असं नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर मुलांना अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघा: अश्रूंपेक्षा खारट नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं परत सुरू करा. मुलांना सोबत १० ते १४ दिवस झिंक देतात. शौचात रक्त आणि सोबत ताप असेल तर जुलाब बंद करणारी गोळी घेऊ नका. लहान मुलांना तर ती नकोच.

छातीत जळजळतंय. पित्तच असेल ना?

जेवणानंतर तासाभरात, आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, करपट ढेकर: हे आम्लपित्त वाटतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, वजन थोडं कमी, पलंगाची डोक्याकडची बाजू अर्धा फूट उचललेली, एवढ्यानं बऱ्याच जणांना उतार पडतो. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवल्यावर घेतली तर तिचा अर्धा जोर वाया जातो.

पूर्वी अल्सर म्हणजे चिंता आणि तिखट, असं समीकरण होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी पोटात राहणारा एक जिवाणू त्यामागे असतो हे दाखवलं. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन पोटाची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज त्या जिवाणूवर औषधांचा दहा-चौदा दिवसांचा कोर्स असतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गिळताना अडकणं, आपोआप वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं पित्त असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

आता त्या प्रश्नातला ‘च’. चालताना, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते आणि थांबल्यावर कमी होते, ते पित्त नव्हे. बसल्या जागी दाब, दरदरून घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं, जीव घाबरणं, हे तर नव्हेच. बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता येतो, नुसती धाप, मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच. पित्ताचं औषध पिऊन ‘बघू तासभर’ म्हणत घालवलेला तास हृदयाच्या स्नायूला फार महाग पडतो.

मला काहीच त्रास होत नाही, मग बीपी वाढलंय कसं?

तसंच असतं. वाढलेल्या रक्तदाबाला बहुतेक माणसांत लक्षणच नसतं. डोकं दुखतं, मान जड होते, त्या दिवशी बीपी मोजतात आणि ते वाढलेलं निघतं. पण पुष्कळदा दुखण्यामुळे बीपी चढलेलं असतं. लक्षणाची वाट बघणाऱ्याला कधी कधी पहिलं लक्षण म्हणून पक्षाघातच भेटतो. म्हणून हा आजार वाटण्यावर नाही, मोजण्यावर ओळखायचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त, घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त, असं बहुतेक ठिकाणी धरतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेष १३०/८० वर आणली, त्यामुळे दोन डॉक्टर दोन आकडे सांगतात. दोघंही खोटं बोलत नसतात.

घरच्या मशीनवर वेगळं येतं, दवाखान्यात वेगळं. खरं कुठलं?

आधी मोजलं कसं ते सांगा. एक गृहस्थ महिनाभराची वही घेऊन आले, सगळे आकडे १५०-१६०. मी म्हटलं, मशीन काढा आणि घरी मोजता तसंच इथं मोजा. ते पलंगावर बसतात तसे तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसले, पाय लोंबकळत, पाठीला टेकू नाही, शर्टाच्या जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात मांडीवर सोडला, आणि पट्टा फुगत असताना मला सांगत राहिले की मशीन चांगल्या कंपनीचं आहे. १५४ आलं. मग त्यांना खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीवर, बाही वर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प. १३२. माणूस तोच, मशीन तेच.

हात खाली लोंबला की आकडा वाढतो, लघवी तुंबलेली असली की वाढतो, बोललं की वाढतो, दंड जाड आणि पट्टा लहान असला की चांगलाच वाढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नको. सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, एक-एक मिनिटाच्या अंतरानं, आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती वही मला एका दिवसाच्या दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा जास्त कामाची. काहींचं बीपी नुसतं डॉक्टर बघून चढतं, काहींचं उलट, इथं बरं आणि घरी वाढलेलं.

गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही म्हणे?

गोळीची सवय लागत नाही, आजार राहतो. चष्मा काढला की अक्षर पुसट होतं, त्याला कोणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. पुष्कळ वजन उतरवलं, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणलं, व्यायाम धरला, दारू सोडली तर काहींची गोळी कमी होते, थोड्यांची बंदही होते. ती डॉक्टरनं उतरवायची. ‘आकडा नॉर्मल आला म्हणून बंद केली’ हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे.

गोळीनं त्रास होत असेल तर तोही सांगा, गुपचूप सोडू नका. ॲम्लोडिपिननं घोट्यांना सूज येते, रामिप्रिल किंवा एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो. दोन्हींना पर्याय आहेत.

आणि ‘बीपी लो’?

अशक्त वाटण्याचं ते एक लाडकं नाव आहे. १००/६० असून माणूस ठणठणीत असेल तर उपचार लागत नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडतंय का, रक्त कमी आहे का, कुठली गोळी जास्त होतेय का, हे बघावं लागतं.

उपाशीपोटीची शुगर १०८ आहे. मधुमेह झाला का?

अजून नाही. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर, यांतलं काही दोनदा आलं की मधुमेह म्हणतात. १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची जागा. इथून मागे फिरता येतं: वजन पाच-सात टक्के कमी आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं, यानं मधुमेहाची शक्यता निम्म्याच्या आसपास उतरते हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय.

एचबीए१सी म्हणजे काय, हे समजून घ्या, कारण ‘काल उपास केला म्हणून चांगलं आलं’ असं त्यात होत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखर त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. तपासणीच्या आधी आठ दिवस पथ्य पाळणाऱ्यांची गोची होते ती इथंच. मात्र लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर तो फसवा येतो.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेल्यांनी मधूनमधून बी१२ जीवनसत्त्व तपासावं. पायांना मुंग्या येतात त्याचं खापर शुगरवर फोडलं जातं आणि कमी असतं बी१२.

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी ना?

ही भीती फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे लोक दोन-तीन वर्षं वाढलेली शुगर डोळे आणि मूत्रपिंडं यांवर काढतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन पहिल्या दिवसापासूनच लागतं, कारण शरीर ते बनवतच नाही. टोरोंटोत जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तोवर अशा मुलांपुढे उपासमारीखेरीज उपचार नव्हता. टाइप २, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या मधुमेहात, ते काही काळापुरतंही देतात, मोठा संसर्ग असताना, ऑपरेशनच्या वेळी, आणि नंतर पुन्हा गोळ्यांवर येता येतं.

अचानक हात थरथरले, घाम सुटला, भूक खवळली. काय करू?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर उतरलीय असं समजून आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, मोजायचं नंतर. पंधरा मिनिटांनी मोजा. ७० च्या खाली असेल तर परत. बरं वाटलं की काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालयात न्या.

टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉइड जास्त झालं?

उलटं. टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीनं थायरॉइडला दिलेला आवाज आहे. थायरॉइड काम कमी करायला लागली की आवाज चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुधा थायरॉइड कमी: थकवा, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी, केस गळणं, पाळी जास्त जाणं, थोडं वजन वाढणं. ‘थोडं’ मुद्दाम लिहिलंय. वीस किलो वाढलेल्या वजनाचं सगळं बिल थायरॉइडवर फाडता येत नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, पुढचा अर्धा ते एक तास चहाही नको, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानं. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबून तपासायचं. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे दहाव्या दिवशी केलेली तपासणी फुकट जाते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा. त्यानं हे आकडे बिघडतात.

हिमोग्लोबिन ९ आहे. लोहाच्या गोळ्या किती दिवस?

पाळी येणाऱ्या बाईत कारण बहुधा जास्त जाणारी पाळी असते. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणं मला पटत नाही. पोटातला अल्सर, मूळव्याध, कधी आतड्याचा कर्करोग असा पहिल्यांदा उघडकीला येतो. गोळ्यांनी आकडा महिन्याभरात चढतो, पण तिथंच सोडू नका. साठा भरायला पुढे निदान तीन महिने लागतात. शौच काळपट होईल, घाबरू नका. चहा आणि गोळी यांत दोन तास ठेवा. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेऊनही चांगलं शोषण होतं.

डोकं दुखलं की गोळी घेतो, तरी रोज दुखतं.

तरी नाही, कदाचित म्हणूनच. वेदनाशामक महिन्यातून दहा-पंधरा दिवसांहून जास्त घेतले की त्यांच्यामुळेच रोज डोकं दुखायला लागतं. गोळ्या थांबवल्यावर पहिले काही दिवस जास्त दुखतं आणि मग सुटका होते. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली करा. अर्धशिशी म्हणजे ठणकणारं, बहुधा एका बाजूचं दुखणं, उमासे, उजेड आणि आवाज नकोसा होणं, आणि ४ ते ७२ तास. महिन्यात चार-पाचदा येत असेल तर ती येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. चष्म्याचा नंबर आणि सायनस यांना उगाच फार दोष दिला जातो.

कंबर धरलीय. एमआरआय करून टाकू?

थांबा. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त जणांत मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. रिपोर्टात ‘चकती सरकली’ असं वाचलं की माणूस वाकायला घाबरतो आणि दुखणं लांबतं. साधी कंबरदुखी चार ते सहा आठवड्यांत बरीच निवळते. पडून राहू नका, झेपेल तेवढं हिंडाफिरा. पायातला जोर कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा बसतो त्या जागेला बधिरपणा येणं, सोबत ताप, वजन उतरणं किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांत मात्र एमआरआय त्याच दिवशी लागू शकतो.

पंपाची सवय लागते का? गोळीवर नाही का भागणार?

दम्याच्या साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत चाळीस फवाऱ्यांएवढं औषध, आणि तेही सगळ्या शरीरात फिरून मग श्वासनलिकेत. म्हणून गोळीनं हात थरथरतात, धडधड होते. पंप हा सौम्य मार्ग आहे, लोक उलटं समजतात.

श्वास मोकळा करणारा पंप वेगळा आणि आतली सूज कमी करणारा वेगळा. दुसऱ्यानं लगेच बरं वाटत नाही, म्हणून तोच सोडला जातो. पहाटे खोकल्यानं जाग येणं, छातीत शिट्टी वाजणं, मोकळा करणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागणं म्हणजे दमा आटोक्यात नाही. पंप मारायची पद्धत डॉक्टरसमोर एकदा करून दाखवा. माझ्यासमोर एकांनी तो जिभेवर फवारला आणि तोंड मिटलं, चव घेतल्यासारखं. दोन वर्षं तसंच चाललं होतं. जोडनळी (स्पेसर) लावली की बऱ्याच चुका टळतात, आणि स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज कमी करणाऱ्या, पंपानंतर चूळ भरली की सहसा तोंड येत नाही.

सगळ्या तपासण्यांचं पॅकेज केलं. दोन आकडे ठळक अक्षरांत आलेत.

प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ पट्टी साधारण अशी आखतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे प्रत्येक तपासणीत वीसांपैकी एक निरोगी माणूस बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. त्यामुळे जरासा बाहेर गेलेला एकटा आकडा आणि काही त्रास नाही, तर मी बहुधा काही आठवड्यांनी तीच तपासणी परत करायला सांगतो. पेशंट थोडे नाराज होतात.

वाट बघायचीच नाही, असं काय काय?

तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोबडं बोलणं. पक्षाघातातली गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही स्कॅन झाल्यावर. म्हणून माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहून घ्या आणि तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. छातीत दाब आणि घाम. एक वाक्य पुरं बोलता येऊ नये एवढी धाप. आयुष्यात कधी नव्हे एवढी, क्षणात शिखरावर गेलेली डोकेदुखी. तापात मान ताठ होणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत यातलं काहीही.

जुने रिपोर्ट ठेवू की टाकू?

रोजच्या सर्दीतापाचे टाका. ऑपरेशनचे कागद, औषधाची ॲलर्जी, दुर्बिणीचे आणि स्कॅनचे अहवाल ठेवा. आणि ईसीजी, निदान एक तरी, बरं असतानाचा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल. मध्यरात्री छातीत दुखतंय म्हणून कुणी येतं, पट्टीत एक वाकडी लाट दिसते, आणि ती दहा वर्षांपासून तशीच आहे की आज उमटलीय हे मला त्या जुन्या कागदाशेजारी धरल्यावर दहा सेकंदांत कळतं.